उद्धट कोणास म्हणावे?

मनुष्याप्रमाणे शब्दालाही कूळ असते. ज्या शब्दाचे कूळ आपण विसरतो, तो शब्द हळूहळू ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या चाकरीला लागतो. ज्या अवगुणाला इंग्रजीत ‘अ‍ॅरोगन्स’ म्हणतात, त्याच्या नावाची हीच गत झालेली आम्हांस दिसते. या शब्दाचे मूळ, त्याचा प्रवास आणि त्याच्या मराठी भावंडांचा स्वभाव यांची थोडी परीक्षा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. ही परीक्षा कोशापुरती राहू नये म्हणून शेक्सपिअरचे एक नाटकही आम्ही साक्षीला घेणार आहोत.

संतचरित्रांचे वा प्रवचनांचे मराठीत भाषांतर करणाऱ्याला हा शब्द एकदा तरी अडवतोच. वास्तविक आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. गर्व, अहंकार, दर्प, ताठा, उद्धटपणा, उर्मटपणा, मगरुरी, मिजास, मस्ती, माज, घमेंड – यादी लांबविता येईल. तथापि यांपैकी कोणताही शब्द योजला तरी काहीतरी निसटल्याची रुखरुख मागे राहते. ती का राहते हे समजण्यासाठी प्रथम या शब्दांच्या घरात डोकावले पाहिजे.

काही शब्द शरीराच्या ठेवणीवरून आले आहेत. ‘ताठा’ म्हणजे न वाकणे. ‘उद्धट’ हा संस्कृत ‘उद्धत’ या शब्दाचा वंशज. त्याचा मूळ अर्थ वर उसळलेला, वर उचललेला असा आहे. संस्कृतात ‘स्तब्ध’ या शब्दालाही ताठर, गर्विष्ठ असा अर्थ आहे आणि भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात तो त्याच अर्थाने येतो. आज आपण शांत, निश्चल माणसाला स्तब्ध म्हणतो. त्या शब्दातील ताठरपणा उरला, अवगुण मात्र गळून पडला.

दुसरा गट नशेचा आहे. ‘मस्ती’ फारसी ‘मस्त’ वरून आली, आणि मस्त म्हणजे मद्याने धुंद झालेला. ‘माज’ हा संस्कृत ‘मद्’ या धातूच्या कुळातला. गोठ्यात गाय किंवा म्हैस माजावर आली असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्यात निंदा नसते, जनावराच्या ऋतूची ती साधी नोंद असते. तोच शब्द माणसाला लावला की त्याची शिवी होते. ‘मिजास’ अरबी ‘मिजाज’ वरून आली. तिचा मूळ अर्थ मिश्रण, आणि त्यावरून माणसाच्या प्रकृतीतील घटकांचे मिश्रण, म्हणजे स्वभाव. मराठीत येता येता त्या स्वभावाला नखरा चढला.

या सर्वांत आम्हांस अधिक मार्मिक वाटतो तो ‘मगरूर’ हा शब्द. अरबी ‘गर्र’ या क्रियेचा अर्थ फसविणे, भुलविणे असा आहे. ‘मगरूर’ हे त्याचे कर्मणी रूप, म्हणजे ‘फसलेला’, ‘भुललेला’. ज्याला आपण दुसऱ्याला तुच्छ लेखणारा म्हणून ओळखतो, तो या शब्दाच्या दृष्टीने प्रथम स्वतःच ठकला गेलेला आहे. मराठी माणूस मगरूर म्हणताना चिडतो. शब्द मात्र मुळात त्याची कीव करतो.

‘अभिमान’ या शब्दाचा प्रवास याहून विलक्षण आहे. गीतेच्या प्रचलित पाठात दंभ आणि दर्प यांच्या पंक्तीला अभिमान आहे, आणि ती पंक्ती आसुरी संपत्तीची आहे. आज शाळेतील फलकापासून श्रद्धांजलीपर्यंत अभिमान हा सद्गुण म्हणून मिरवतो. त्याच्या मागोमाग हिंदीच्या सहवासाने ‘गर्व’ही सद्गुणांत जाऊन बसू लागला आहे; आणि अलीकडे तर अमुक असल्याचा ‘माज’ आहे असे छातीवर छापून तरुण मंडळी हिंडताना दिसतात. शब्द बदलतात याचे दुःख करीत बसणे हे कोशकाराचे काम नव्हे. परंतु दोषाचे नाव गुणाला दिले गेले, की दोष निनावी होतो, आणि निनावी दोषाची कबुली कोणी देत नाही.

आता लॅटिनकडे वळू. ‘अ‍ॅरोगन्स’चे मूळ ‘आरोगान्तिया’ हे लॅटिन नाम, आणि त्याचे मूळ ‘आरोगारे’ हे क्रियापद. त्याची फोड ‘आद्’ आणि ‘रोगारे’ अशी होते. ‘आद्’ म्हणजे कडे, आपल्याकडे. आणि ‘रोगारे’ म्हणजे विचारणे, मागणे, विनविणे. आपल्या ‘रोग’ या शब्दाशी याचा काही संबंध नाही. संतांच्या लॅटिन लितानीत लोक ज्या शब्दाने उत्तर देतात, तो ‘रोगामुस’ म्हणजे ‘आम्ही विनवितो’ हा याच धातूचा. स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीचे तीन दिवस पिकांसाठी व संकटनिवारणासाठी मिरवणुकीने विनवणी करण्याची ‘रोगेशन’ची प्रथा गॉल प्रांतातील व्हिएन येथील बिशप मामेर्तुस यांनी इ. स. 470च्या सुमारास सुरू केली. तिचे नावही याच धातूवरून पडले. 1969च्या दिनदर्शिका-सुधारणेने या दिवसांची व्यवस्था त्या त्या देशाच्या बिशप परिषदेवर सोपविली.

म्हणजे शेतकऱ्याची पावसासाठीची प्रार्थना आणि उद्धटाचा उद्धटपणा हे एकाच आईचे दोन मुलगे ठरतात. एकाच क्रियापदातून हात पसरणे आणि हात मारणे असे दोन्ही अर्थ कसे निघाले?

याचे उत्तर रोमन कायद्यात शोधण्यासारखे आहे. तेथे दत्तकाचा ‘आद्रोगातियो’ नावाचा एक प्रकार होता. जो मनुष्य कोणा पित्याच्या सत्तेखाली नाही, स्वतःच स्वतःचा मुखत्यार आहे, अशाला पुत्र म्हणून घेण्याचा हा विधी. अशा दत्तकाने त्याची मालमत्ता आणि त्याच्यावर अवलंबून असलेले सर्व जण नव्या पित्याच्या सत्तेखाली जात, म्हणून तो घरात उरकता येत नसे. लोकसभेपुढे व्हावा लागे. दुसऱ्या शतकातील कायदेपंडित गायुस या नावाचे कारण सांगतो. या विधीत तीन वेळा विचारले जाते: घेणाऱ्याला विचारतात की हा तुझा कायदेशीर पुत्र व्हावा अशी तुझी इच्छा आहे काय, जाणाऱ्याला विचारतात की तुला हे मान्य आहे काय, आणि लोकांना विचारतात की तुमची यास आज्ञा आहे काय. तीन प्रश्न आणि तीन होकार, तेव्हा कोठे एका माणसाला दुसऱ्या माणसावर हक्क सांगता येई.

हा विधी जसा पवित्र तसाच तो विकृत कसा झाला याचेही उदाहरण इतिहासात आहे. इ. स. पूर्व 59 मध्ये पुब्लिउस क्लोदिउस या उमरावाला लोकपक्षाचा ट्रिब्यून व्हावयाचे होते, परंतु ते पद उमरावांना बंद होते. म्हणून तो एका सामान्य कुळातील फोन्तेइउस नावाच्या तरुणाचा दत्तक पुत्र झाला. हा ‘पिता’ पुत्राहून वयाने लहान होता. विधी ज्यूलियस सीझरच्या अधिकाराखाली झटपट उरकला गेला, दत्तक पुत्राला लगोलग पितृसत्तेतून मोकळे करण्यात आले, आणि क्लोदिउसने आपले जुने नावही सोडले नाही. पुढच्याच वर्षी ट्रिब्यून होऊन त्याने सिसेरोला हद्दपार होण्यास भाग पाडले. परत आल्यावर, इ. स. पूर्व 57 मध्ये, सिसेरोने आपल्या घराविषयीच्या भाषणात या दत्तकाची यथेच्छ टर उडविली: वय पाहिले नाही, हेतू तपासला नाही, धर्माधिकाऱ्यांना नीट विचारले नाही. प्रश्नांचा सांगाडा ठेवला आणि विचारणे काढून टाकले, अशी ही तक्रार होती.

‘आरोगान्तिया’ या अवगुणाचे बीज आम्हांस येथे दिसते. ‘आपल्याकडे मागून घेणे’ यातील मागणे गळाले आणि घेणे उरले. जे दुसऱ्याच्या होकाराविना आपले होऊ शकत नाही, ते होकार न घेता आपले म्हणून सांगणे, हा या शब्दाचा गाभा. मान ताठ आहे की वाकलेली, आवाज चढा आहे की मृदू, याच्याशी मूळ शब्दाला कर्तव्य नाही. तो विचारतो ते एवढेच, की जे तू आपले म्हणतोस ते तुला कोणी दिले?

संत जेरोम यांच्या लॅटिन बायबलात नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात हा शब्द ‘सुपेर्बिया’ म्हणजे गर्व याच्या शेजारी येतो. दोघे शेजारी आहेत, एकच नव्हेत. पोप महान ग्रेगरी (कार्यकाल 590 ते 604) यांनी ईयोबाच्या ग्रंथावरील आपल्या भाष्यात उद्धटांच्या फुगण्याचे चार प्रकार सांगितले. आपल्यातील चांगले आपल्यापासूनच आले असे मानणे हा पहिला. ते वरून आले खरे, पण आपल्या लायकीमुळे आले असे मानणे हा दुसरा. नसलेल्या गुणाची बढाई मारणे हा तिसरा. आणि असलेला गुण आपल्या एकट्याकडेच आहे असे दिसावे म्हणून इतरांना तुच्छ लेखणे हा चौथा. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हीच विभागणी उचलली. चारही प्रकारांत प्रश्न देणाऱ्याचा आहे. पहिल्यात देणारा नाकारला, दुसऱ्यात त्याला ऋणको ठरविला, तिसऱ्यात दानच खोटे केले, चौथ्यात इतरांना मिळालेले दान पुसून टाकले.

ही चार मापे घेऊन शेक्सपिअरचे ‘कोरिओलेनस’ वाचावे. हे नाटक 1608च्या सुमाराचे. ते 1623 मध्ये त्याच्या समग्र नाटकांच्या पहिल्या संग्रहात छापले गेले. त्याचे कथानक प्लुटार्कच्या चरित्रांवरून, टॉमस नॉर्थने 1579 मध्ये केलेल्या इंग्रजी अवताराच्या आधारे घेतले आहे. रोमचा हा पराक्रमी सेनानी कोरिओली नगर जिंकून येतो, त्याला कॉन्सलपद द्यावयाचे ठरते. परंतु रीत अशी, की उमेदवाराने साधे वस्त्र पांघरून बाजारात उभे राहावे, अंगावरच्या जखमा दाखवाव्यात आणि नागरिकांची मते मागावीत. त्याला हेच जमत नाही.

सामान्यतः हे नाटक एका गर्विष्ठ वीराची शोकांतिका म्हणून वाचले जाते. ते वाचन चुकीचे नाही, पण ढोबळ आहे. या माणसात बढाई नावालाही नाही. स्तुती सुरू झाली की तो उठून जातो. लुटीतला दहावा हिस्सा देऊ केला तर नाकारतो. आपल्या जखमांचे कौतुक त्याला सोसवत नाही. ग्रेगरींच्या तिसऱ्या मापाने तो सर्वस्वी निर्दोष आहे. मराठीत त्याला ‘मिजासखोर’ म्हणता येणार नाही, ‘शेखी मिरविणारा’ तर नाहीच. असे असता तो उद्धट का?

बाजारातल्या प्रवेशात नाटककार त्याचे उत्तर देतो. तुम्ही येथे कशामुळे आलात असे एक नागरिक पुसतो, तेव्हा आपल्या लायकीमुळे, असे तो सांगतो. गरिबांकडे याचना करण्याची आपल्याला कधी हौस नव्हती असेही जोडतो. नागरिकाला मोबदला नको असतो. आर्जवाने विचारले जावे, एवढीच त्याची अपेक्षा. परंतु कोरिओलेनसच्या लेखी पद त्याचेच आहे, तेव्हा मागावयाचे कशाला? हा ग्रेगरींचा दुसरा प्रकार. पुढे ट्रिब्यूनांच्या चिथावणीने लोक उलटतात आणि त्याला नगराबाहेर घालविण्याचा ठराव होतो. तेव्हा तोच उलट नगराला आपण हद्दपार करीत असल्याची भाषा करतो. जो अधिकार साऱ्या नगराचा, तो एका माणसाने आपल्या तोंडाने स्वतःला बहाल केला. लॅटिन शब्दाचे इतके नेमके चित्र क्वचितच सापडेल.

नाटकाची सुरुवात मात्र विसरता कामा नये. पडदा उघडतो तो धान्यासाठी उठलेल्या भुकेल्या लोकांवर. त्यांची मागणी रास्त की अरास्त, यावर नाटककार निकाल देत नाही. हे लोक चंचल आहेत आणि त्यांचे पुढारी कावेबाज आहेत, हेही तो लपवीत नाही. पण एक गोष्ट ध्यानात यावी. धान्य मागणाऱ्या या लोकांना कोरिओलेनस मुजोर समजतो. आणि पद न मागणाऱ्या त्याला लोक गर्विष्ठ समजतात. एकच दूषण दोन्ही बाजूंनी फेकले जात आहे. एका बाजूला त्याचा अर्थ ‘मागण्याचे धाडस करणारा’ असा आहे, दुसऱ्या बाजूला ‘मागण्याची तसदी न घेणारा’ असा. या दोन अर्थांतली झुंज हे नाटकाचे खरे कथानक आहे असे आमचे मत आहे.

शेवटी तो शत्रूचे सैन्य घेऊन रोमवर चालून येतो. आई, पत्नी आणि लहानगा मुलगा विनवणीसाठी येतात, तेव्हा मनुष्य जणू आपणच आपला जनक आहे, त्याला गणगोत नाही, अशा निश्चयाने उभे राहण्याचे तो ठरवितो. हा ग्रेगरींचा पहिला प्रकार, आणि साऱ्यांच्या मुळाशी असलेला. त्याला मोडते ती तलवार नव्हे. गुडघे टेकून मागणारी आई. ज्याला आयुष्यात मागता आले नाही, तो मागणीपुढे वितळतो, रोम वाचते आणि तो स्वतः वोल्स्कींच्या हातून मारला जातो. पुत्र होणे ही गोष्ट कोणालाही स्वतःच स्वतःला देता येत नाही, हे रोमन कायद्याने तीन प्रश्नांत सांगितले होते. शेक्सपिअरने ते एका प्रवेशात सांगितले.

आता पुन्हा आपल्या शब्दांकडे येऊ, म्हणजे सुरुवातीच्या रुखरुखीचे कारण सापडेल. ताठा, उद्धटपणा, माज, मस्ती हे बहुतेक सारे शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या वागण्याचे आहेत. मान कशी आहे, आवाज कसा आहे, चाल कशी आहे यावर ते निकाल देतात. आणि मान वाकवावी अशी अपेक्षा समाज सर्वांकडून सारखी करीत नाही. ज्याने वाकावे असे आपण गृहीत धरलेले असते, त्याचेच न वाकणे आपल्या डोळ्यांत भरते. मजुराने थकलेली मजुरी दुसऱ्यांदा मागितली, की तो माजला. सुनेने एका प्रश्नाला सरळ उत्तर दिले, की ती उद्धट. विधवेने आपल्या सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी कचेरीत तिसरी खेप घातली आणि कारण पुसले, की ती उर्मट बाई. सभेत कोणी निधीचा हिशेब मागितला, की तो शिरजोर. वाचकांनी या चारही प्रसंगांकडे पुन्हा पाहावे. चारही ठिकाणी माणूस मागत आहे, विचारत आहे. लॅटिन शब्दाच्या मापाने या चौघांत उद्धट कोणीच नाही. मागणारा उद्धट असूच शकत नाही.

याउलट जो शेजाऱ्याचा बांध दर पावसाळ्यात वीतभर कोरतो तो गृहस्थ मृदुभाषी असतो. सर्वांना हात जोडून भेटतो, देवळात पहिल्या बाकावर गुडघे टेकतो. त्याला कोणी उद्धट म्हणत नाही. वीत वीत करून त्याने जे घेतले ते कोणाला विचारून घेतलेले नसते. शब्दाच्या मूळ अर्थाने ‘आरोगान्स’ तोच. आमच्यासारख्या वेदीवर उभे राहणाऱ्यांनाही हा नियम लागू आहे. लोकांच्या संमतीने व्हावयाची गोष्ट परस्पर ठरवून मग सौम्य शब्दांत जाहीर केली, तर सौम्यपणाने तिचे मूळ बदलत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील परुशी आणि जकातदार यांचा दाखला या प्रकाशात वेगळा दिसतो. परुशाच्या आवाजाविषयी, मानेविषयी आपण फार बोलतो. त्याची प्रार्थना नीट वाचली तर ध्यानात येते की तीत एकही मागणी नाही. तो आभार मानतो, आपले उपवास आणि दशमांश मांडतो, आणि थांबतो. जकातदाराची सारी प्रार्थना म्हणजे एक मागणी. एकाने विनवणीच्या जागी उभे राहून विनवणी टाळली. दुसऱ्यापाशी तिच्यावाचून काही नव्हते.

मग भाषांतरकाराने योजावे काय? एकाच शब्दाने भागणार नाही असे आमचे मत आहे. पण मराठीला ही दृष्टी परकी आहे असेही नाही. ती नामांत नाही, क्रियापदांत आहे. आपले ‘विचारणे’ हे क्रियापद पाहावे. ते प्रश्न करणे आहे, परवानगी घेणे आहे, आणि किंमत देणेही आहे. ‘म्हातारपणी मला कोण विचारतो?’ या वाक्यात तिन्ही अर्थ एकवटलेले आहेत. ‘तो कोणाला विचारीत नाही’ असे आपण एखाद्याविषयी म्हणतो, तेव्हा लॅटिन पंडिताला जे सांगावयाचे होते ते सारे चार शब्दांत सांगून टाकतो. ‘परस्पर घेतले’ यातील ‘परस्पर’ हाही तसाच अस्सल शब्द. आणि ज्ञानदेवांनी 1290 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथाचा शेवट विद्वत्तेच्या मिरवणुकीने न करता एका मागण्याने केला, याची आठवण मराठी वाचकाला करून देण्याची गरज नाही.

तेव्हा यापुढे कोणी कोणाला उद्धट म्हटलेले कानी आले, तर त्याची मान किंवा त्याचा आवाज न पाहता एक चौकशी करावी: हा मागत होता, की न विचारता घेत होता? मागत असेल, तर त्याला उद्धट म्हणणाऱ्याने काय घेऊन ठेवले आहे, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे.